दहा लिटरला किती उजेड?
(द्वितीय वर्ष, कला)

काचेच्या पेटीत मासे ठेवणाऱ्याला लोक शौकीन म्हणतात. कबुतरं उडवणाऱ्याला छंदी म्हणतात. पण काचेच्या पेटीत पाणी भरून तीत मासा न सोडता नुसती झाडं लावणाऱ्या माणसाला काय म्हणावं, हे आपल्या भाषेनं अजून ठरवलेलं नाही. आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा माझ्या पेटीपाशी वाकतो, डावीकडून बघतो, उजवीकडून बघतो आणि शेवटी विचारतो, “मासा कुठाय?” मासा नाही म्हटलं की त्याचा चेहरा देवळात जाऊन गाभारा रिकामा सापडलेल्या भाविकासारखा होतो.

मासा नाही याचं कारण साधं आहे. पेटी ३० सेंटिमीटर लांब, २० रुंद आणि २० उंच. काठोकाठ भरली तर बारा लिटर. पण तळाला वाळू आणि वर दोन बोटं मोकळी जागा सोडली की पाणी उरतं दहा लिटर. आमची आंघोळीची बादलीसुद्धा याहून मोठी आहे! एवढ्याशा पाण्यात माशाची घाण लवकर साठते, दुपारी पाणी चटकन तापतं आणि रात्री चटकन निवतं. आरोग्य खात्याची माणसं डासांच्या अळ्यांसाठी हौदात सोडतात ते गप्पी मासे मला फुकट मिळाले असते. पण गप्पींचा संसार इतक्या झपाट्यानं वाढतो की दहा लिटरांत त्यांची चाळ झाली असती. तेव्हा मासा नको. कालव्यातून आणलेला हायड्रिला, दुकानातून घेतलेलं जावा मॉस, एका लाकडाला दोऱ्यानं बांधलेलं अनुबियासचं छोटं रोप आणि हायड्रिलाबरोबर न बोलावता आलेल्या तीन गोगलगायी, एवढीच माझ्या पेटीची लोकसंख्या.

आता पेटी आली, पाणी आलं, झाडं आली. राहिला उजेड. आणि वाचकहो, खरा प्रश्न इथूनच सुरू होतो.

कुणी म्हणेल, झाडाला उजेड हवा तर पेटी खिडकीत ठेवावी. आमच्या घराला एकच खिडकी धड आहे आणि तिच्यातून दुपारी दोन ते चार असं काही ऊन येतं की खिडकीतली लोणच्याची बरणी आई त्याच हिशेबानं ठेवते. जे लोणच्याला मानवतं ते दहा लिटर पाण्याला मानवत नाही. शिवाय थेट ऊन लागलेल्या लहान पेटीत झाडाआधी शेवाळ माजतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका दुकानात काउंटरवर अशीच एक पेटी आहे. तिला दिवसभर समोरचं ऊन आणि रात्री दुकान बंद होईपर्यंत डोक्यावरची ट्यूब. त्या पेटीचं पाणी आता मुगाच्या कढणासारखं दिसतं. म्हणजे उजेड हवा, पण आपल्या हातातला हवा. दिवाच लावायला हवा.

झाडाला पाण्याखाली उजेड लागतो, ही गोष्ट माणसाला कळून फार काळ झालेला नाही. इंग्लंडात जोसेफ प्रीस्टली या गृहस्थानं १७७१ साली मेणबत्ती जळून विझलेल्या बंद हवेत पुदिन्याची फांदी ठेवली आणि काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळते, हे पाहिलं. झाड हवा सुधारतं, एवढं कळलं. पण कशाच्या जोरावर? याचं उत्तर १७७९ साली यान इंगेनहाउझ या डच डॉक्टरानं शोधलं. त्यानं हिरवी पानं पाण्यात बुडवली आणि उन्हात ठेवली. पानांवर बुडबुडे आले. अंधारात ठेवली, बुडबुडे थांबले. पाणी तेच, पान तेच. फरक फक्त उजेडाचा. आपण शाळेच्या पुस्तकात चंचुपात्र, उलटं नरसाळं, त्याखाली हायड्रिला आणि वर परीक्षानळी अशी जी आकृती काढत आलो, ती या बुडबुड्यांचीच. परीक्षेत ती आकृती मी अनेकदा काढली होती. पण माझ्या पेटीतल्या हायड्रिलाच्या पानावरून बुडबुड्यांची पहिली माळ सुटली, तेव्हा दोन मार्कांची ती आकृती जिवंत झाल्यासारखी वाटली.

पुढे १८५० साली लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानं आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. बारा गॅलनांच्या पेटीत दोन सोनेरी मासे, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि गोगलगायी. झाडानं माशाला प्राणवायू द्यायचा, माशाच्या घाणीवर झाड पोसायचं आणि कुजकी पानं गोगलगायींनी खायची, असा तो बिनपगारी कारखाना होता. त्यांच्याकडे विजेचा दिवा नव्हता. सूर्यावरच सगळी भिस्त. आमच्याकडे वीज आहे. म्हणून निवड करण्याची जबाबदारीही आहे.

निवडीसाठी मी आधी मासेवाल्याच्या दुकानात गेले. तिथं उजेडाचं नुसतं दुकान मांडलेलं! निळा, गुलाबी, जांभळा, बटण दाबलं की सात रंग बदलणारा. दुकानदार म्हणाला, “ताई, हा गुलाबी घ्या. झाडं एकदम टकाटक दिसतात.” त्यात खोटं काही नव्हतं. दिसतात खरी! पण झाड कसं दिसतं हा आपल्या डोळ्याचा प्रश्न आहे आणि झाड कसं जगतं हा पानाचा. पानातलं हरितद्रव्य निळा आणि तांबडा उजेड जास्त शोषतं. हिरवा त्या मानानं कमी घेतं आणि बराचसा परत टाकतं, म्हणून तर पान हिरवं दिसतं. १८८२ साली एंगेलमान या जर्मन शास्त्रज्ञानं हे फार सुंदर रीतीनं दाखवलं. त्यानं सूक्ष्मदर्शकाखाली शेवाळाच्या एका तंतूवर लोलकातून निघालेले सप्तरंग पाडले आणि आजूबाजूला प्राणवायूकडे धाव घेणारे जिवाणू सोडले. ते जिवाणू तांबड्या आणि निळ्या पट्ट्यांपाशी गर्दी करून बसले. कुठं प्राणवायू जास्त तयार होतो, याची साक्ष त्यांनीच दिली.

मग निळा-तांबडा दिवाच का घेऊ नये? गरज नाही म्हणून. साधा पांढरा एलईडी दिवा मुळात निळाच असतो. त्याच्या निळ्या कणावर पिवळसर लेप असतो. निळ्यातला काही उजेड त्या लेपामुळे पिवळ्या-तांबड्यात बदलतो आणि सगळं मिळून आपल्याला पांढरं दिसतं. ज्या तीन जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांनी हा निळा कण साधला, त्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ सालचं नोबेल पारितोषिक मिळालं. तेव्हा किराणा दुकानात मिळणाऱ्या पांढऱ्या बल्बमध्येही पानाला हवं ते बहुतेक सगळं आहे. खोक्यावर ‘६५०० के’ असा आकडा असतो. तो उजेडाच्या रंगाचा. आकडा लहान तर उजेड पिवळसर, मोठा तर निळसर. गंमत म्हणजे ज्याला आपण ‘थंड’ उजेड म्हणतो त्याचाच आकडा मोठा! ६५०० चा उजेड दिवसाच्या उजेडाजवळचा. माझ्या झाडांना तो पुरे.

रंगाचं निभावलं. पण किती उजेड? इथं मला अप्पांकडे जावं लागलं.

अप्पा वायरमन आहेत. आमचं गाव इचलकरंजी. इथं घराघरांतून यंत्रमागाचा खडखडाट चालतो आणि मागांच्या शेडमधून ट्यूबा टांगण्यात अप्पांचं आयुष्य गेलं. शिक्षण सातवी. मी घरातली पहिली कॉलेजात गेलेली मुलगी. हे इथं सांगण्याचं कारण एवढंच की, कॉलेजात जायला लागल्यापासून अप्पांचं आणि माझं बोलणं हळूहळू कमी झालं होतं. भांडण नाही, रुसवा नाही. ते विचारायचे, “आज काय शिकवलं?” मी म्हणायची, “राज्यशास्त्र.” ते म्हणायचे, “बरं.” आणि ‘बरं’नंतर दोघांनाही पुढचं वाक्य सुचायचं नाही. ज्यांच्या घरातून पहिलंच कुणी कॉलेजात आलं आहे, अशा माझ्या मैत्रिणींना हे ‘बरं’ ओळखीचं असेल. त्यात प्रेम कमी नसतं. विषय कमी असतो.

दिव्याच्या निमित्तानं विषय मिळाला. “अप्पा, दहा लिटर पाण्याला किती वॅट लागतील?” मी विचारलं.

“पाण्याला?” अप्पांनी चष्मा वर केला. “पाण्याला लाईट कशाला गं? मोटर बसवायची हाय का?”

मी सगळं सांगितलं. छंदाच्या जुन्या पुस्तकांत एक ठोकताळा असतो: एका गॅलनला एक ते दोन वॅट. अमेरिकन गॅलन म्हणजे पावणेचार लिटर; म्हणजे माझ्या पेटीला जास्तीत जास्त पाच-सव्वापाच वॅट. अप्पा म्हणाले, “कसले वॅट? बल्बचे, ट्यूबचे का एलईडीचे?” एका वाक्यात त्यांनी तो ठोकताळा मोडीत काढला. कारण तो ट्यूबलाइटच्या काळातला. वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो त्याचा आकडा. उजेड किती देतो त्याचा नव्हे. जुना तारेचा बल्ब एका वॅटला बारा-चौदा ल्युमेन द्यायचा, जुनी चाळीस वॅटची ट्यूब साठेक, आणि आजचा एलईडी शंभराच्या आसपास. मी खोक्यावरचा ल्युमेनचा आकडा त्यांना दाखवला. अशी शेकडो खोकी त्यांनी फोडली असतील. पण धंद्यात गिऱ्हाईक वॅट विचारतं, म्हणून नजर वॅटवरच थांबायची. त्यांनी खोकं दूर धरून तो आकडा वाचला आणि म्हणाले, “हां! म्हणजे हा खरा माल. वॅट म्हणजे नुसता खर्च.”

ठोकताळ्यात आणखी एक खोट आहे आणि ती लहान पेटीतच उघडी पडते. समजा एक पेटी ७५ सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ४५ उंच आहे. तिच्यात साधारण शंभर लिटर पाणी मावतं. माझ्या पेटीत त्याच्या एक दशांश. गॅलनच्या हिशेबानं माझ्या पेटीला उजेडही एक दशांश मिळणार. पण झाडं पाण्याच्या लिटरांवर उगवत नाहीत, तळाच्या जागेवर उगवतात! मोठ्या पेटीचा तळ २२५० चौरस सेंटिमीटर, माझा ६००. म्हणजे पाव हिश्श्याहून जास्त. तेव्हा ठोकताळ्यानं लहान पेटीवर अन्याय होतो, आणि ट्यूबऐवजी एलईडी लावला की तोच ठोकताळा उलट्या बाजूनं चुकतो. गरिबाचा हिशेब श्रीमंताच्या मापानं केला की असंच व्हायचं.

मग आम्ही दोघं कागद घेऊन बसलो. हल्लीचे छंदी लोक लिटरमागे ल्युमेन मोजतात. कमी मागणाऱ्या झाडांना दहा ते वीस, मध्यमांना वीस ते चाळीस, आणि त्याहून हावऱ्यांना त्याहून जास्त. पण मग पाण्यात कार्बन डायऑक्साइडही वेगळा सोडावा लागतो. माझं मॉस आणि अनुबियास कमी मागणारी. हायड्रिला मिळेल तेवढं घेणारा. म्हणजे दोनशे ल्युमेनच्या आसपास पाण्यात पडले पाहिजेत. पाच वॅटचा एलईडी साडेचारशेच्या आसपास देतो. “पण सगळा खाली थोडाच पडणार हाय?” अप्पा म्हणाले. “बल्ब चौफेर उधळतो. निम्मा भिंतीला जाणार.” त्यांनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापला, आतून पांढरा रंग दिला आणि टोपी केली. वरच्या बाजूला चार भोकं पाडली; कारण एलईडीची उष्णता त्याच्या बुडाशी साठते आणि तिला वाट मिळाली नाही तर बल्ब लवकर जातो. निम्म्याहून थोडा जास्त उजेड पाण्यात पडेल, असा अंदाज आला. म्हणजे लिटरला वीस-पंचवीस. हिशेब जमला!

उंचीचा प्रश्न अप्पांनी हातानंच सोडवला. पुस्तक सांगतं, लहान दिव्यापासूनचं अंतर दुप्पट केलं तर उजेड चौथाई होतो. अप्पा म्हणाले, “मागावर ट्यूब टांगताना बघतोय की. फणीवर उजेड पडला पाहिजे, तुटलेला धागा दिसला पाहिजे. दोरी वर घेतली की उजेड पातळ.” त्यांनी दिवा टेबलाला अडकवलेल्या सळईवर बसवला, वर-खाली सरकेल असा. झाडाला जास्त झालं तर वर, कमी झालं तर खाली. आज तो पाण्यापासून वीतभर उंच आहे. वायर सॉकेटकडे नेताना त्यांनी तिला आधी खाली झोळ दिला आणि मग वर घेतलं. “वायरीवरून पाणी ओघळलं तर इथं खाली ठिबकंल, सॉकेटात जायचं न्हाई. पाणी आणि करंट यांची सोयरीक होऊ द्यायची न्हाई.” हे वाक्य मला कुठल्याही पुस्तकात मिळालं नसतं.

राहिली वेळ. दिवा किती तास? इथं झाडाचा जमाखर्च समजून घ्यावा लागतो. झाड उजेडात कमावतं. पण श्वासोच्छ्वास चोवीस तास चालतो, म्हणजे खर्च चोवीस तासांचा. अगदी मंद उजेडात कमाई आणि खर्च तोंडमिळवणी करतात. त्याहून उजेड कमी झाला तर झाड साठवलेलं खाऊन जगतं आणि एक दिवस संपतं. म्हणून उजेड हवा. पण तो वाढवत नेला की कमाईही वाढतच जाते, असं मात्र नाही. १९०५ साली ब्लॅकमन या इंग्रज शास्त्रज्ञानं सांगितलं की, ज्या गोष्टीचा तुटवडा असेल तिच्यावर वेग अडतो. कार्बन डायऑक्साइड कमी असेल तर उजेड दुप्पट करून उपयोग नाही. झाड वापरू शकत नाही तो उजेड पेटीत वाया जात नाही. शेवाळ त्याची वाटच बघत असतं.

तेव्हा सात तास ठरले. दुपारी चार ते रात्री अकरा. याच टेबलावर मी अभ्यास करते आणि टोपीच्या कडेतून सांडणारा उजेड माझ्या वहीवर पडतो. आईनं विजेच्या बिलाची शंका काढली. पाच वॅट, सात तास, म्हणजे दिवसाला पस्तीस वॅट-तास. तीस दिवसांचे १०५०. महिन्याला जेमतेम एक युनिट! आईची हरकत तिथंच मिटली.

झाडं आता आपापल्या चालीनं वाढतात. हायड्रिला आठवड्याला कात्री मागतो. मॉस लाकडावर हळूहळू चढतं आहे. अनुबियास मात्र महिन्याला एखादं पान काढतं, आणि त्या एका पानाची जी वाट बघावी लागते तीत एक वेगळं सुख आहे. सुरुवातीला मला वाटे, याला जास्त उजेड दिला तर लवकर वाढेल. पण हळू वाढणाऱ्या अनुबियासवर उजेड ओतला तर त्याच्या पानावर काळं-हिरवं शेवाळ धरतं. त्याचा वेग त्याचा आहे. कमी उजेडात जगणारं झाड म्हणजे दुबळं झाड नव्हे. पश्चिम आफ्रिकेतल्या ओढ्यांच्या काठी, मोठ्या झाडांच्या सावलीत ते मुळात वाढतं. त्याला तेवढ्याच उजेडाची सवय आहे.

वसतिगृहात राहणाऱ्या कुणाला अशी पेटी करायची असेल तर सांगण्यासारखं एवढंच: रंगीत दिव्यापाशी खिसा सैल करू नका. साधा पांढरा, पाच वॅटचा, ६५०० आकड्याचा बल्ब घ्या. टोपी करा, उंची बदलता येईल अशी सोय करा आणि सहा ते आठ तासांवर दिवा जाळू नका. दोन आठवडे काही बदलू नका. झाड आपलं म्हणणं सांगतं. पण सावकाश सांगतं. हायड्रिलाच्या दोन पानांच्या घेरांमध्ये अंतर पडून तो लांबुडका व्हायला लागला तर उजेड कमी पडतो आहे. काचेवर हिरवा थर रोज पुसावा लागतो आहे, तर जास्त होतो आहे.

मागच्या महिन्यात एका शेडमधल्या कामगार काकांनी मला रस्त्यात थांबवलं. त्यांच्या शेडमध्ये नव्या ट्यूबा बसवायच्या होत्या. मालक स्वस्तातला माल घेऊन आला आणि म्हणाला, वीस वॅटच आहेत, काय फरक पडतो? तेव्हा म्हणे अप्पांनी शिडीवरूनच खोकं मागून घेतलं, लांब धरून वाचलं आणि म्हणाले, “शेठ, वॅट बघू नका. ल्युमेन बघा. आमची पोरगी बी.ए. करतीया, तिनं सांगितलंय.” काका हसत होते. मीही हसले. बी.ए.च्या कुठल्याही पेपरात ल्युमेन येत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.